दोन कानांचं पटत नाही

गुरुग्रामला समुद्र नाही. सोहन्याकडचं दमदमा तळं आणि सुलतानपूरची पक्ष्यांची पाणथळ सोडली, तर सांगण्यासारखं पाणीही नाही. तरी आपल्या समुद्रात कुठलं जहाज कुठे चाललं आहे, यावर नौदल नजर ठेवतं ते याच शहरात बसून. २००८ च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट पळवली आणि मुंबई गाठली. त्यानंतर नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ ठाणी एका जाळ्यात जोडली गेली आणि त्या जाळ्याची मुख्य गाठ इथे बांधली गेली. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २३ नोव्हेंबर २०१४ रोजी या केंद्राचं उद्घाटन केलं. गोव्याच्या माणसाने समुद्राचं केंद्र हरियाणात उघडावं, यातली गंमत त्यांच्याही लक्षात आली असेल.

म्हणून ही गोष्ट गुरुग्रामची. तिच्यातले आजोबा, नात, चीफसाब, साहेब आणि त्यांची कंपनी मी रचलेली आहे. वर्षं, आकडे आणि बाकीची नावं खरी आहेत.

आजोबा मालवणचे. नौदलात सोनारवाले होते, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून पाण्यातले आवाज ऐकायचे आणि काय ऐकलं ते वर कळवायचे. पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले, गावी परतले, माडांना पाणी घालत बसले. आजी गेल्यावर मुलगा त्यांना हिवाळ्यापुरतं गुरुग्रामला घेऊन आला. चौदाव्या मजल्यावरच्या घरात करायचं काय? आजोबा बाल्कनीत बसून ऐकत. डिसेंबरच्या धुक्यात समोरचा टॉवरही दिसेनासा झाला की त्यांना बरं वाटे. पालमला उतरणारं विमान कुठून कुठे चाललंय, वीज गेल्यावर सोसायटीचे किती जनरेटर सुरू झाले आणि त्यातला कुठला आजारी आहे, हे ते न बघता सांगत. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा तो जनरेटर खरंच उघडून पाहिला, तेव्हापासून त्यांना लिफ्टमध्ये सगळे नमस्कार करू लागले.

नात उद्योग विहारमधल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती. सोनारवाल्यांना ऐकायला मदत करणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवत होती. एका रविवारी तिने आजोबांच्या कानांवर हेडफोन चढवला.

“ओळखा आजोबा, काय आहे ते.”

आजोबांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग डाव्या कानावरची वाटी उचलून पाहिली, परत ठेवली. उजवीकडची उचलली, परत ठेवली.

“गो चेडवा, दोनय कानांत एकच वाजता मां?”

“हो. पाण्यात सोडलेल्या दांड्यावरच्या सगळ्या मायक्रोफोनांचे आवाज एकत्र करायचे, गाळायचे, स्वच्छ करायचे आणि तोच एक आवाज दोन्हीकडे द्यायचा.”

“मगे दुसरो कान कित्याक झाकलंस? तो मोकळो ठेव. चायवालो इलो तर आयकाक तरी येतला.”

नात हसली. रात्री मात्र तिला झोप लागेना. वर्षभर ज्या गोष्टीवर काम केलं, तिच्यात एक कान उगाच झाकला जातोय हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

खरं तर ती हे सगळं कॉलेजात शिकली होती. आपल्या दोन कानांत वीतभर अंतर असतं. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर फार झाला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतकाच, आणि त्यातही सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरक सरावलेल्या माणसाला जाणवतो. बारीक, उंच आवाजांच्या आड डोकंच येतं, त्यामुळे ते पलीकडच्या कानाला हळू ऐकू येतात. घुमणारे खालचे आवाज डोक्याला वळसा घालून जातात, दोन्ही कानांना जवळपास सारख्याच जोरात ऐकू येतात, आणि तिथे मेंदू जोर सोडून वेळेचा फरक धरतो. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली ही दुहेरी वाटणी मांडली, ती आजही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. म्हणजे दिशा ना डाव्या कानात असते ना उजव्या. दोघांच्या सांगण्यात जी तफावत पडते तिच्यात ती असते. दोघांचं तंतोतंत जुळलं, तर आवाज डोक्याच्या मधोमध येऊन बसतो आणि कुठूनच आल्यासारखा वाटत नाही.

पाण्यात हा हिशोब कोलमडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १५०० मीटर. डोकं तेवढंच, वेग चौपटीहून जास्त, त्यामुळे कानांमधला उशीर पाव वाट्याहूनही कमी उरतो. लहानपणी कर्लीच्या खाडीत बुडी मारल्यावर लाँचचं इंजिन चारही बाजूंनी वाजल्यासारखं वाटायचं आणि पोरं घाबरून वर यायची, हे आजोबांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. त्यावरचा उपाय साधा आहे. पाण्यातले दोन कान लांब करायचे. डोक्याच्या जागी जवळपास मीटरभर अंतर ठेवून दोन हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, लावले आणि एकाचा आवाज एका कानाला, दुसऱ्याचा दुसऱ्याला दिला, तर मेंदूला त्याच्या सवयीचा उशीर परत मिळतो.

हे सुचलं कुणाला, तेही ऐकण्यासारखं आहे. एरिख फॉन हॉर्नबॉस्टेल हा बर्लिनमधला संगीताचा अभ्यासक. जगभरच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं तो जमवायचा, आणि ऑटो अब्राहम याच्याबरोबर त्याने १९०४ सालीच भारतीय सुरावटींच्या ध्वनिमुद्रणांवर निबंध लिहिला होता. पहिल्या महायुद्धात त्याने आणि माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने मिळून आवाजाची दिशा शोधणारं दोन कानांचं यंत्र केलं. दोघांच्या नावांची मोडतोड करून त्याला ‘वेर्टबोस्टेल’ म्हणत. माणसाच्या दोन कानांमधली वाट त्यांनी २१ सेंटिमीटर धरली होती. अमेरिकनांनी त्याच युद्धात पाणबुड्या शोधायला आणखी सोपं काहीतरी केलं: आडव्या दांड्याच्या दोन टोकांना रबराचे दोन फुगे, प्रत्येकातून निघालेली नळी एकेका कानात. ऐकणाऱ्याने दांडा फिरवत राहायचं, आवाज डोक्याच्या मध्यावर आला की थांबायचं. पाणबुडी दांड्याच्या काटकोनात. या यंत्राला ना वीज लागायची ना दिवे, हिशोब सगळा ऐकणाऱ्याच्या कवटीत व्हायचा.

सोमवारी नात हे सगळं घेऊन साहेबांकडे गेली. साहेब हुशार होते. त्यांचा तिटकारा एकाच गोष्टीचा: दोन उत्तरं. “ग्राहकाला एक आवाज हवा, एक आकडा हवा,” ते म्हणाले. “दोन कानांत दोन आवाज दिले तर ऑपरेटर दुप्पट दमेल.” कुठल्याही बैठकीत दोघांचं पटलं नाही की त्यांचं वाक्य ठरलेलं असे. आधी आपसात एकमत करा, मग माझ्याकडे या. लोक बाहेर जात, चहा पीत, ज्याचा पगार जास्त त्याचं मत घेऊन परत येत.

इथे थोडं थांबतो. गुरुग्राम हे नाव हरियाणा सरकारने २०१६ साली लावलं ते गुरू द्रोणांवरून. याच शहरात खांडसा गावी एकलव्याचं छोटं देऊळ आहे आणि त्याने अंगठा कापून दिला तो इथेच, असं लोक सांगतात. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्याने बाणांनी बंद केलं होतं आणि त्याला जखम होऊ दिली नव्हती. महाभारतात पांडवांनी त्याच्या शब्दवेधाचं नवल केलं आहे. द्रोणांना मात्र एकच श्रेष्ठ धनुर्धर हवा होता, कारण तसा शब्द देऊन झाला होता. दुसरा निघाला, तर त्याचा अंगठा घेऊन प्रश्न मिटवला. आपल्याकडे पुष्कळ एकमतं अशीच होतात.

साहेबांनी परवानगी दिली ती वेगळ्याच कारणाने. नातीने त्यांच्या टेबलावरच्या वायफायच्या डब्याकडे बोट दाखवलं. “सर, याला अनेक अँटेना का आहेत?” साहेबांना उत्तर माहीत होतं, म्हणून ते गप्प बसले.

त्या अँटेनांची गोष्ट गुरुग्रामपासून फार लांबची नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यात लेफ्टनंट व्ही. के. जैन हेही होते. सोनारचा पल्ला वाढवण्याची त्यांची एक सुधारणा तेव्हा खुकरीवर तपासली जात होती. त्यानंतर नौदलाने आरोग्यस्वामी पॉलराज या आपल्याच तरुण अधिकाऱ्याला सोनार सुधारायचं काम दिलं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेल्या या माणसाने १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत, हौज खासला, जुन्या ब्रिटिश सोनारची ऐकण्याची बाजू नव्याने बांधली. पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ हे संपूर्ण देशी सोनार १९८३ पर्यंत उभं राहिलं.

मग पॉलराज स्टॅनफर्डला गेले. तिथे पुण्यात जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले थॉमस कैलाथ होते. पॉलराज, रॉय आणि कैलाथ यांनी दिशा शोधण्याची ‘एस्प्रिट’ ही रीत मांडली. तिचं मर्म असं, की ऐकणाऱ्यांचे दोन अगदी सारखे संच थोड्या अंतरावर ठेवायचे आणि दोघांच्या ऐकण्यातला फरक मोजायचा. एकाच वेळी अनेक आवाज आले तरी त्यांच्या दिशा वेगवेगळ्या निघतात. १९९४ साली पॉलराज आणि कैलाथ यांना मिळालेल्या पेटंटातून आजचं अनेक अँटेनांचं वायरलेस तंत्र वाढलं. एकाच लहरींवरून दोन संदेश पाठवायचे, प्रत्येक अँटेनाला ते थोडे निराळे ऐकू येतात, आणि त्या निराळेपणावरून ते सोडवून घ्यायचे. साहेबांचा वायफाय अँटेनांचं एकमत झाल्यामुळे चालत नव्हता.

“एकदाच करू,” साहेब म्हणाले. “ऐकणारा कोण आणणार?”

आजोबा आले. पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग. साहेबांनी त्यांच्या वयाकडे पाहून कानांची तपासणी करून घेतली, आणि आलेख पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला. उंच आवाजांच्या बाजूला रेघ पार खाली घसरलेली. पण नातीने आधीच विचार करून ठेवला होता. कानांमधल्या उशिराचा खेळ चालतो तो साधारण दीड हजार हर्ट्झच्या खाली, आणि जहाजांची इंजिनं, पंखे घुमतात तेही मुख्यतः तिथेच. तिथे आजोबांचा आलेख बरा होता. उलट कोकणच्या उथळ पाण्यात झिंग्यांच्या एका जातीचा नांगी आपटण्याचा जो तडतडाट सतत चालू असतो, तो उंच पट्टीतला. म्हाताऱ्या कानांना तो कमी त्रास देतो. म्हातारपणाचा असा फायदा क्वचितच होतो, म्हणून सांगून ठेवला.

ध्वनिमुद्रण मालवणच्या बाहेर, भाड्याच्या बोटीवरून केलेलं होतं. दोन-तीन मीटरच्या दांड्यावर ओळीने हायड्रोफोन. आधी नेहमीचा गाळीव आवाज दोन्ही कानांत दिला. आजोबा म्हणाले, “इंजिन आसा. खय आसा ता सांगूक येवचा नाय.” मग नातीने दांड्याचा डावा अर्धा भाग डाव्या कानाला आणि उजवा उजव्या कानाला जोडला. तिच्या पडद्यावर एक गोल कळ होती. ती फिरवली की एका बाजूला थोडा उशीर मिळायचा आणि आवाज डोक्यात डावीकडून उजवीकडे सरकायचा.

आजोबा ताठ बसले. समुद्राची गाज आता त्यांच्या भोवती पसरली होती, आणि त्यातून एक घरघर सुटी होऊन कानशिलाच्या जरा पुढे आली होती. यात चमत्कार काही नाही. गोंगाट आणि सूर यांच्या दोन कानांतल्या वेळा वेगवेगळ्या पडल्या, की गोंगाटात बुडालेला सूर वर येतो. आयरा हर्श आणि लिकलायडर यांनी १९४८ साली अमेरिकेत हे प्रयोगांनी दाखवलं. प्रयोगशाळेत खालच्या सुरांना हा लाभ १५ डेसिबलपर्यंत होतो, म्हणजे सुमारे तिसाव्या हिश्श्याच्या ताकदीचा सूरही ऐकू येतो. समुद्रात एवढा मिळत नाही. पण जे ऐकूच येत नव्हतं ते ऐकू येऊ लागायला थोडासाही पुरतो.

आजोबांनी कळ फिरवली, आवाज नाकाच्या रेषेवर आणला आणि हात वर केला. नातीने आकडा वाचला. नोंदीतल्या जहाजाच्या दिशेशी तो अगदी जवळचा होता. खोलीत टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या, आणि कुणीतरी समोसे मागवले.

आजोबा हेडफोन काढायला तयार नव्हते. “दिशा गावली,” ते म्हणाले. “पण थय आसा कोण?”

“मालवाहू जहाज आहे,” साहेब म्हणाले. “यंत्रानेही तेच सांगितलंय.”

“माका होडी वाटता.”

खोली शांत झाली. मग आजोबांनी, हिंदी आणि मराठीची मोडतोड करत, दशरथाची गोष्ट सांगितली. शरयूच्या काठी, रात्रीच्या अंधारात, पाण्यात घडा बुडताना बुडबुड आवाज झाला. दशरथाला वाटलं हत्ती पाणी पितोय. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. “कान चुकलो नाय तेचो,” आजोबा म्हणाले. “बाण बरोबर थयच गेलो. पण बाजूक कोण नव्हतो, ‘राजा, हो घडो तर नसात?’ असा म्हणणारो. एकट्यान आयकल्यान, एकट्यानच ठरवल्यान.” दिशा कळायला दोन कान लागतात, आणि तिथे काय आहे हे ठरवायला दोन माणसं, असं त्यांचं म्हणणं. जहाजावर असंच चालायचं. आवाज सापडला की तो आधी ‘पॉसिबल’, मग ‘प्रॉबेबल’, मग ‘सर्टन’. नाहीतर ‘नॉन-सब’, म्हणजे पाणबुडी नव्हे. त्या पायऱ्या चढताना सोनारच्या खोलीत खडाजंगी व्हायची. साहेबांनी हळूच विचारलं, खुकरीच्या वेळी तुम्ही कुठे होता. “भरती होवन थोडे दिवस झालेले,” आजोबा म्हणाले. “तेंनी आमचो आवाज आदी आयकल्यानी.” त्याच्यापुढे ते बोलले नाहीत.

दुसरा माणूस हवा, म्हणून रेवाडीहून चीफसाबना बोलावलं. तेही सोनारवाले, हुद्द्याने आजोबांच्या वरचे, मिशा पीळदार, आवाज चढा. दोघांनी एका जहाजावर काढलेल्या काळात त्यांचं एकदाही पटलं नव्हतं असं दोघेही अभिमानाने सांगत. चीफसाबनी हेडफोन लावला, समोसा खाता खाताच ऐकलं आणि जाहीर केलं: मोठं जहाज, मोठा पंखा, सावकाश फिरतोय, चार पात्यांचा.

“चीफसाब, दोन सिलिंडरची होडी आसा ती. आमच्या बंदरातली. माझो जल्म गेलो ता आयकान.”

“जन्म गेला तो पेन्शन खाण्यात. कान साफ करून घे.”

साहेबांना हेच नको होतं. त्यांनी नोंद उघडली. मोठी जहाजं आपलं नाव, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत असतात. एआयएस म्हणतात त्याला, आणि ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना ते सक्तीचं आहे. त्या नोंदीत त्या वेळी, त्या दिशेला एकच जहाज होतं: मालवाहू. चीफसाब जिंकले. साहेबांनी आजोबांचे आभार मानले, अतिशय आदराने, आणि ‘आता एकमत झालं’ असं म्हणून फाइल मिटायला घेतली.

नातीला आजोबांची बाजू घ्यायची नव्हती. निदान तसं दिसू द्यायचं नव्हतं. पण तिच्या मनात एक शंका आली, की दोघंही इतक्या ठामपणे सांगतात आणि दोघांचेही कान चांगले, तर ते दोघं एकच आवाज ऐकतायत कशावरून? तिने स्वतः हेडफोन लावला. चीफसाबनी सांगितलेला सावकाश ठेका पकडून तिने कळ फिरवली आणि तो मध्यावर आणला. मध्यावर तो आला, पण त्याच्या पोटातली एक भरभर टकटक मध्यावर आली नाही. ती डाव्या भुवईच्या वर राहिली. तिने टकटक मध्यावर आणली, तर ठेका उजवीकडे सरकला.

दोन आवाज होते. दिशांत फरक थोडासाच. खालच्या सुरांना एवढा आखूड दांडा नेमकं एका बाजूला कान करू शकत नाही, त्याचा झोत रुंद पडतो. त्यामुळे गाळीव आवाजात दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते, आणि यंत्राने त्यातल्या मोठ्याचं नाव सांगितलं होतं.

तिने मालवणला, ज्याची बोट भाड्याने घेतली होती त्या तांडेलाला फोन लावला. त्याने आठवून सांगितलं, की होय, त्या दुपारी पलीकडे एक होडी जाळी ओढत होती. दोन सिलिंडरची. तिच्यावर कसलं यंत्र आणि कसलं काय, नाव आणि नंबर रंगवलेला होता तेवढाच. असल्या होड्या एआयएसच्या यादीत सापडत नाहीत. ‘कुबेर’ही अशीच यादीबाहेरची होती, हे गुरुग्रामच्या त्या केंद्रात बसणाऱ्यांना कुणी सांगायला नको.

“म्हणजे आमच्यातलं बरोबर कोण?” चीफसाबनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. साहेब बराच वेळ त्या गोल कळेशी खेळत होते. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांनी विचारलं, की समजा तुमचं दोघांचं पहिल्याच मिनिटाला पटलं असतं, तर?

“मगे होडी गेली असती,” आजोबा म्हणाले.

“किंवा जहाज,” चीफसाब म्हणाले. एवढ्यावर मात्र त्यांचं पटलं.

अहवाल गेला त्यात साहेबांच्या सवयीविरुद्ध एकाऐवजी तीन रकाने होते: यंत्र काय म्हणतं, पहिला ऐकणारा काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो. शेवटी सरासरीचा रकाना नव्हता. दोघांत फरक पडेल तिथे फाइल मिटायची नाही, कळ पुन्हा फिरवायची, असा नियम खाली लिहिला होता. गाळीव आवाजही काढून टाकला नाही. तो ठेवला, कारण थकलेल्या माणसाला रात्री तीन वाजता तोच सोसतो, आणि हा मुद्दा साहेबांचा होता व बरोबर होता.

होळीच्या आधी आजोबा शिमग्यासाठी मालवणला परतले. कंपनीने त्यांच्या जागी चाचणीसाठी आणखी दोन निवृत्त सोनारवाले शोधायला घेतले. नातीने जाहिरातीत अट घातली होती ती साहेबांनी सही करून तशीच ठेवली: दोघे एकाच जहाजावर राहिलेले असावेत, आणि त्यांचं आपसात पटत नसावं.